डायनॅमिक लिंकिंगने जीपीएल टळत नाही

संपादक महोदय,

‘लायब्ररी डायनॅमिक लिंक केली की जीपीएल लागू होत नाही’ हे वाक्य आपल्याकडच्या सॉफ्टवेअर कंपन्यांत, इंजिनिअरिंगच्या वर्गांत आणि नोकरीच्या मुलाखतींत इतक्या खात्रीने सांगितले जाते की ते परवान्यातच छापलेले असावे असे वाटते. जीपीएल हा मुक्त सॉफ्टवेअरचा परवाना, आणि लायब्ररी म्हणजे इतर प्रोग्रॅमांनी वापरायचा तयार कोड. तो आपल्या प्रोग्रॅमच्या फाइलमध्येच उतरवणे म्हणजे स्टॅटिक लिंकिंग, आणि वेगळ्या फाइलमध्ये ठेवून प्रोग्रॅम चालताना जोडणे म्हणजे डायनॅमिक. जीपीएलच्या कोणत्याही आवृत्तीत असे कलम नाही. ही समजूत एलजीपीएल या लायब्ररींसाठीच्या वेगळ्या, सैल परवान्यावरून आली आहे आणि तिथेही ती अर्धीच खरी आहे. तिच्या भरवशावर उत्पादने ग्राहकाकडे पोहोचतात आणि पुढे ग्राहकाच्या तपासणीत अडकतात, तेव्हा वर्षभराचे काम पुन्हा उकरावे लागते. पुण्या-मुंबईतला मोठा वर्ग दुसऱ्यांसाठी सॉफ्टवेअर लिहून पोट भरतो, म्हणून या विषयावर जरा सविस्तर लिहीत आहे.

आधी जीपीएल स्वतः काय म्हणतो ते पाहू. जून १९९१च्या दुसऱ्या आवृत्तीचे कलम २ (ब) सांगते की, ज्या कामात मूळ प्रोग्रॅम पूर्ण किंवा अंशतः सामावला आहे, किंवा जे काम त्यापासून तयार झाले आहे, ते इतरांना द्यायचे असेल तर संपूर्ण काम याच परवान्याखाली द्यावे लागते. लायब्ररी बंदिस्त, म्हणजे सोर्स कोड (माणसाने लिहिलेला मूळ कोड) न देणाऱ्या, प्रोग्रॅमला जोडण्याचा उल्लेख अटी संपल्यानंतरच्या जोडटिपेत येतो. तशी मुभा द्यायची असेल तर लेखकाने हा परवाना न लावता लायब्ररींसाठीचा परवाना (एलजीपीएल) लावावा, एवढेच तिथे म्हटले आहे. २९ जून २००७च्या तिसऱ्या आवृत्तीने हे आणखी स्पष्ट केले. सोबत कोणता सोर्स कोड द्यायचा याच्या व्याख्येतच, कलम १ मध्ये, प्रोग्रॅमला मुद्दाम लागणारे डायनॅमिक लिंक केलेले भाग नाव घेऊन धरले आहेत.

हे परवाने लिहिणाऱ्या फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनची भूमिका अशी की, दोन भाग एकाच मेमरीत चालतात, एकमेकांची फंक्शन्स बोलावतात आणि डेटा स्ट्रक्चर वाटून घेतात, तेव्हा ते मिळून एकच प्रोग्रॅम होतो, मग लिंकिंग स्टॅटिक असो वा डायनॅमिक. चालू प्रोग्रॅमने ‘डीएलओपन’ करून प्लगइन उचलले तरी कसोटी हीच. पाइप, सॉकेट (प्रोग्रॅमांमधले संदेशमार्ग) किंवा कमांड लाइनवरून बोलणारे दोन प्रोग्रॅम मात्र सहसा वेगळे धरले जातात. ‘सहसा’ म्हणायचे कारण असे की, सॉकेटवरून आतली गुंतागुंतीची डेटा स्ट्रक्चर जशीच्या तशी पाठवली आणि दोन्ही बाजू एकमेकींशिवाय निरर्थक असल्या, तर केवळ प्रोसेस वेगळी ठेवल्याने सुटका होईलच असे नाही.

कायद्याच्या सगळ्याच अभ्यासकांना ही भूमिका मान्य नाही, आणि न्यायालयांनी त्यावर सरळ रेघ ओढलेली नाही. लिनक्स कर्नलचे (ऑपरेटिंग सिस्टमच्या गाभ्याचे) विकासक क्रिस्टोफ हेल्विग यांनी २०१५ साली व्हीएमवेअरविरुद्ध हॅम्बुर्गमध्ये दावा लावला होता. कर्नलचा कोड आणि कंपनीचा बंदिस्त कोड जोडल्यावर ते एकच काम होते का, हा त्यातला कळीचा प्रश्न. दावा २०१६ मध्ये फेटाळला गेला आणि २०१९ मध्ये अपीलही. पण वादीचा नेमका कोणता कोड त्यात आहे, हे पुरेसे सिद्ध झाले नाही, या मुद्द्यावर. मूळ प्रश्न तसाच राहिला. उलट फेब्रुवारी २०२४ मध्ये पॅरिसच्या अपील न्यायालयाने ऑरेंज या बड्या दूरसंचार कंपनीला ‘लासो’ या जीपीएल लायब्ररीचा परवाना मोडल्याबद्दल लाखो युरोंची भरपाई द्यायला लावली. लासो हे आंत्रूव्हेर या छोट्या कंपनीचे सॉफ्टवेअर. बंदिस्त वापरासाठी वेगळा परवाना विकत मिळत होता, तो घेतलेला नव्हता. हा खटला दहा वर्षांहून अधिक चालला. प्रश्न अनिर्णित आहे म्हणून धोका पत्करायला हरकत नाही, असे ज्यांना वाटते त्यांनी ही दहा वर्षे हिशेबात धरावीत.

आपल्या १९५७च्या कॉपीराइट कायद्यात संगणक प्रोग्रॅम साहित्यकृतींत मोडतो आणि कलम १४ प्रमाणे नक्कल करणे, प्रती लोकांना देणे व रूपांतर करणे हे हक्क लेखकाचे असतात. स्टॅटिक लिंकिंगमध्ये लायब्ररीचा ऑब्जेक्ट कोड (यंत्रभाषेतला कोड) तुमच्या फाइलमध्ये जशाचा तसा उतरतो, तेव्हा नक्कल झाली याबद्दल वाद नाही. डायनॅमिक लिंकिंगमध्येही बहुतेक कंपन्या ती ‘.एसओ’ किंवा ‘डीएलएल’ फाइल इन्स्टॉलरमध्ये घालूनच देतात. म्हणजे त्या लायब्ररीची प्रत तुम्ही वाटलीच, आणि ती वाटण्याची परवानगी देणारा एकच कागद तुमच्याकडे आहे, तो म्हणजे परवाना. त्यातली अट मोडली की जीपीएलच्या दुसऱ्या आवृत्तीच्या कलम ४ प्रमाणे परवानगी आपोआप संपते. तिसऱ्या आवृत्तीत पहिल्यांदाच चूक करणाऱ्याला नोटीस मिळाल्यापासून ३० दिवसांत सुधारणा केल्यास परवानगी पुन्हा मिळते.

उलट्या दिशेची भीतीही तितकीच चुकीची आहे. जीपीएल लायब्ररी जोडली म्हणून तुमचा कोड आपोआप मुक्त होत नाही. तो तुमचाच राहतो. तुमच्यापुढे पर्याय उरतात ते वाटप थांबवण्याचे, ती लायब्ररी काढण्याचे, मालकाकडून व्यावसायिक परवाना घेण्याचे, किंवा स्वखुशीने सोर्स देण्याचे. आणि सोर्स द्यायचा म्हणजे इंटरनेटवर टाकायचा असेही नाही. ज्याला बायनरी (यंत्रावर चालणारी तयार फाइल) दिली त्याच्या हाती त्याच वेळी सोर्स दिला की काम झाले. दुसऱ्या आवृत्तीत सोर्सऐवजी लेखी हमी देण्याचा मार्ग आहे, पण ती किमान तीन वर्षे आणि मागेल त्या कोणालाही लागू असते. त्यामुळे ग्राहकाला बायनरीसोबतच सोर्स देऊन मोकळे होणे मला जास्त शहाणपणाचे वाटते.

१९९२ सालचे एक उदाहरण अजूनही सांगण्यासारखे आहे. क्लिस्प हा लिस्प भाषेचा एक प्रोग्रॅम रीडलाइन या जीपीएल लायब्ररीला जोडून दिला जात होता. फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनने हरकत घेतली, पत्रव्यवहार झाला आणि अखेर क्लिस्पच जीपीएलखाली आला. कमांड लाइनवर मागच्या ओळी परत आणण्याएवढी सोय हवी म्हणून रीडलाइन जोडणारे आजही पुष्कळ आहेत. त्यांच्यासाठी बीएसडी परवान्याचे लिबएडिट आहे. पायथॉनमध्ये खिडक्या-बटणे करायची तर पायक्यूट जीपीएलची तिसरी आवृत्ती किंवा व्यावसायिक परवान्यावर मिळते. जवळजवळ तेच काम पायसाइड एलजीपीएलखाली करते. मायएसक्यूएलचा जावा कनेक्टर जीपीएलखाली आहे (इतर मुक्त स्रोत प्रकल्पांना सूट आहे, बंदिस्त उत्पादनांना नाही), तर मारियाडीबीचा कनेक्टर एलजीपीएलखाली. हे पर्याय पहिल्या आठवड्यात निवडायला तासभर लागतो. उत्पादन बाहेर पडल्यावर तोच बदल करायला महिने जातात.

आता एलजीपीएल. सर्वाधिक गोंधळ इथेच आहे, आणि सर्वाधिक कामही. फेब्रुवारी १९९९च्या २.१ आवृत्तीचे कलम ६ बंदिस्त प्रोग्रॅमला लायब्ररी जोडू देते, पण एका बदल्यात. ग्राहकाला ती लायब्ररी बदलून तुमचा प्रोग्रॅम बदललेल्या लायब्ररीसह चालवता आला पाहिजे. स्टॅटिक लिंकिंगला मनाई नाही, हे पुष्कळांना ठाऊकच नसते. तसे केले तर तुमच्या प्रोग्रॅमच्या ‘.ओ’ (ऑब्जेक्ट कोडच्या) फाइल्स किंवा त्यांची एकत्रित ‘.ए’ फाइल आणि लिंक करण्याची मेकफाइल (आज्ञांची फाइल) ग्राहकाला द्यावी लागते, म्हणजे तो नव्या लायब्ररीशी ती पुन्हा जोडू शकेल. सोर्स द्यावा लागत नाही. डायनॅमिक लिंकिंगमध्ये हे काम शेअर्ड लायब्ररीची यंत्रणाच करते, म्हणून ते सोपे वाटते. पण ती फाइल खरोखर बदलता आली पाहिजे. प्रोग्रॅम सुरू होताना ‘.एसओ’चा हॅश (फाइलचा डिजिटल ठसा) तपासून वेगळा आढळल्यास बंद पडत असेल, तर लिंकिंग डायनॅमिक असूनही अट मोडली. पायथॉनचे प्रोग्रॅम बांधणाऱ्या पायइन्स्टॉलरने सगळे एकाच ‘एक्झी’ फाइलमध्ये कोंबले की क्यूटच्या (पायसाइडमागच्या लायब्ररीच्या) फाइल्स दर वेळी तात्पुरत्या फोल्डरमध्ये उलगडतात आणि ग्राहकाला त्या बदलणे अवघड जाते. त्याऐवजी फोल्डरच्या स्वरूपात बांधणी करावी. जावात जार फाइली (जावाच्या लायब्ररी फाइली) एकत्र करून वर नावे बदलून कोड दुर्बोध करणारे साधन चालवले तर हीच अडचण येते. एलजीपीएलच्या जार बाजूला, मूळ नावाने ठेवाव्यात.

सर्वांत जास्त वेळा चुकते ती जागा कोडमध्ये नसून करारात असते. कलम ६ प्रमाणे ग्राहकाला स्वतःच्या वापरासाठी बदल करण्याची आणि त्या बदलांतल्या चुका शोधण्यापुरते रिव्हर्स इंजिनिअरिंग (तयार प्रोग्रॅम उलगडून आतली रचना शोधणे) करण्याची परवानगी तुमच्या अटींत असलीच पाहिजे. आणि आपल्याकडे जवळपास प्रत्येक वापरकरारात ‘कोणत्याही प्रकारे रिव्हर्स इंजिनिअरिंग करता येणार नाही’ ही ओळ जुन्या करारातून उचलून टाकलेली असते. त्या एका ओळीने बाकी सगळी काळजी वाया जाते. विधी विभागाने ‘सोबतच्या मुक्त स्रोत लायब्ररींच्या परवान्यांनी दिलेले हक्क या कलमाने कमी होत नाहीत’ एवढे वाक्य जोडले तरी पुरते.

एलजीपीएलमध्ये हेडर फाइल्सचीही (लायब्ररीत काय आहे ते प्रोग्रॅमला सांगणाऱ्या फाइल्सची) मर्यादा आहे. लायब्ररीच्या हेडरमधून तुमच्या ऑब्जेक्ट फाइलमध्ये आकडे, स्ट्रक्चरची मांडणी, छोटे मॅक्रो आणि दहा ओळींपर्यंतची इनलाइन फंक्शन्स आली तर अट लागत नाही. सी++च्या टेम्प्लेट लायब्ररीत सगळा कोडच हेडरमध्ये असतो, तेव्हा ही मर्यादा कुचकामी ठरते. आयगेन ही गणिती लायब्ररी २०१२ मध्ये एलजीपीएल सोडून मोझिला परवान्याकडे गेली, तो बदल अशा लायब्ररीला साजेसाच होता. जानेवारी २०१२च्या मोझिला परवान्याची दुसरी आवृत्ती फाइलपुरती मर्यादित आहे. त्यांची फाइल बदललीत तर ती फाइल द्या, तुमच्या फाइल्स तुमच्या. लिंकिंग कसे केले याला तिथे महत्त्व नाही. बंदिस्त उत्पादनासाठी लायब्ररी निवडताना परवान्याचा मजकूर इतका सुटसुटीत असणे मोलाचे आहे.

गो आणि रस्ट या भाषांत नेहमीची बांधणी स्टॅटिकच असते. तिथे एलजीपीएलची लायब्ररी दिसली की स्टॅटिक लिंकिंगची सूट लेखकाने जोडली आहे का, हे आधी पाहावे. सी मध्ये ‘-स्टॅटिक’ लिहिले की जीलिबसी (लिनक्सवरची सी भाषेची मूळ लायब्ररी) आत येते आणि ती एलजीपीएलखाली आहे, हे कंटेनर (प्रोग्रॅम चालवण्याचे बंद पॅकेज) हलका करण्याच्या नादात विसरले जाते. मसल ही एमआयटी परवान्याची लायब्ररी त्यासाठी योग्य. जीसीसी कंपायलर जीपीएलखाली असला तरी त्याच्या रनटाइम लायब्ररींना स्वतंत्र सूट आहे, त्यामुळे त्याने बांधलेला प्रोग्रॅम बंदिस्त ठेवता येतो. ओपनजेडीके या जावाच्या मुक्त आवृत्तीलाही क्लासपाथची सूट तशीच लागू आहे.

एमआयटी, बीएसडी, अपाचे यांत लिंकिंगचा प्रश्न नाही, पण कॉपीराइटची ओळ आणि परवान्याचा मजकूर प्रतीसोबत जावा लागतो. वेब प्रकल्पांत जावास्क्रिप्ट लहान करणारी साधने वरच्या टिप्पण्या खरवडून टाकतात आणि नेमका तोच मजकूर जातो. तो वेगळ्या फाइलमध्ये निघतोय ना आणि ती फाइल खरोखर सर्व्हरवर चढतेय ना, हे पाहावे. अपाचे परवान्याची २००४ची दुसरी आवृत्ती जीपीएलच्या तिसऱ्या आवृत्तीशी जुळते, ‘फक्त दुसरी आवृत्ती’ असा परवाना असलेल्या कोडशी जुळत नाही, हेही लक्षात असावे.

‘आम्ही सर्व्हरवर चालवतो, कोणाला प्रत देत नाही’ हे उत्तर जीपीएलपुरते बरोबर आहे. नोव्हेंबर २००७च्या एजीपीएल या वेगळ्या परवान्याला ते चालत नाही. त्याच्या कलम १३ प्रमाणे तुम्ही प्रोग्रॅममध्ये बदल केला असेल आणि लोक तो नेटवर्कवरून वापरत असतील, तर त्यांना सोर्स मिळण्याची सोय करावी लागते. बिले आणि पावत्यांचे पीडीएफ करणारी आयटेक्स्ट ही जावा लायब्ररी पाचव्या आवृत्तीपासून, म्हणजे २००९ पासून, एजीपीएल किंवा व्यावसायिक परवान्यावर मिळते. जुन्या प्रकल्पात आवृत्तीचा आकडा सहज वाढवला आणि परवाना बदलला, असे घडायला एवढे पुरते. जुन्या शाखेतून निघालेली ओपनपीडीएफ एलजीपीएल व मोझिला परवान्यावर आहे. पीडीएफ हाताळणारे घोस्टस्क्रिप्टही २०१३ पासून एजीपीएलखाली आहे.

सेवा कंपन्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ग्राहकाला बायनरी सुपूर्द करणे हे वितरणच आहे, ग्राहक एकच असला तरी. मात्र जीपीएलच्या तिसऱ्या आवृत्तीच्या कलम २ प्रमाणे, केवळ तुमच्याचसाठी बदल करून घ्यायला दुसऱ्या कंपनीला कोड दिला तर त्यातून इतर अटी लागत नाहीत.

परवान्याचे नाव पाहून भागत नाही याचे सर्वांत चांगले उदाहरण म्हणजे ध्वनी-व्हिडिओ हाताळणारे एफएफएमपेग. मूळ लायब्ररी एलजीपीएल २.१ वा त्यानंतरच्या आवृत्तीखाली आहे. बांधताना ‘--इनेबल-जीपीएल’ दिले, आणि एक्स२६४ वा एक्स२६५ हे व्हिडिओ एन्कोडर हवे असतील तर ते द्यावेच लागते, की संपूर्ण लायब्ररी जीपीएल होते. ‘--इनेबल-नॉनफ्री’ देऊन फ्राउनहोफरचा एएसी (ध्वनीचा) एन्कोडर घातला तर ती बायनरी कोणालाच वाटता येत नाही. डेबियन या लिनक्स वितरणाची तयार फाइल जीपीएल पर्यायासह बांधलेली असते. ती उचलून बंदिस्त उत्पादनात ठेवणाऱ्याला आपण एलजीपीएल वापरतोय असे वाटत राहते. ‘एफएफएमपेग -एल’ (मोठा एल) ही आज्ञा त्या बांधणीचा परवाना छापते, आणि आवृत्ती विचारली की बांधणीचे सगळे पर्याय दिसतात. योग्य मार्ग म्हणजे ते दोन्ही पर्याय न देता स्वतः शेअर्ड लायब्ररी बांधणे, आणि नेमका तोच सोर्स, बदल केले असतील तर तेही, बांधणीच्या आज्ञेसह उत्पादनासोबत ठेवणे. मूळ संकेतस्थळाचा दुवा देऊन भागत नाही. तिथली आवृत्ती उद्या पुढे गेलेली असेल.

राउटर, कॅमेरा, सेट-टॉप बॉक्स बनवणारेही इथेच चुकतात. बिझीबॉक्स (लिनक्सच्या नेहमीच्या आज्ञांचा जीपीएल संच) आणि तुमचा बंदिस्त प्रोग्रॅम एकाच फ्लॅशवर शेजारी असणे जीपीएलला मान्य आहे, आणि नेहमीचे सिस्टम कॉल वापरणारा प्रोग्रॅम लिनक्स कर्नलच्या परवान्यात अडकत नाही, असे कर्नलच्या परवान्यासोबतच लिहिले आहे. पण कर्नल आणि बिझीबॉक्सचा सोर्स देताना बांधणीच्या आणि इन्स्टॉल करण्याच्या स्क्रिप्टही द्याव्या लागतात. कर्नलच्या आत शिरणाऱ्या बंदिस्त ड्रायव्हरची गोष्ट निराळी. फक्त जीपीएल मॉड्यूलसाठी राखलेली फंक्शन्स त्याला मिळत नाहीत, आणि मधे पातळ जीपीएल मॉड्यूल ठेवून ती मिळवायची पळवाट कर्नल ५.९ पासून बंद केली आहे.

तपासणी अवघड नाही. ‘रीडएल्फ -डी’ चालवले की प्रोग्रॅमला कोणत्या शेअर्ड लायब्ररी लागतात ते दिसते, मॅकवर ‘ओटूल -एल’ (इथेही मोठा एल). स्टॅटिक जोडलेले मात्र त्यात दिसत नाही. त्यासाठी बांधणीचा लॉग आणि पॅकेजची लॉक फाइल (वापरलेल्या पॅकेजांची नेमकी यादी) वाचावी लागते. स्कॅनकोड किंवा फॉसोलॉजी ही साधने सोर्समधले परवाने शोधून देतात. हे रोजच्या बांधणीत बसवावे आणि जीपीएल वा एजीपीएल आढळल्यास बांधणी थांबावी. शेवटच्या आठवड्यात चालवलेल्या तपासणीतून फक्त घबराट पदरी पडते.

लिंकर आणि लोडर हे घटक आपल्या संगणक अभ्यासक्रमांत आहेतच. त्याच तासाला एलजीपीएलचे कलम ६ वाचून घेतले आणि प्रात्यक्षिकात ‘.ओ’ फाइल्स देऊन पुन्हा लिंक करायला लावले, तर विद्यार्थ्याला लिंकरही नीट समजेल. सरकारी निविदांबाबतही एक सूचना आहे. केंद्राचे मुक्त स्रोत धोरण २०१५ पासून आहे, आणि केंद्राच्या सर्ट-इन या सायबर सुरक्षा यंत्रणेने ऑक्टोबर २०२४ मध्ये सॉफ्टवेअरमधल्या घटकांच्या यादीसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. राज्याच्या निविदांत ही यादी मागताना प्रत्येक घटकापुढे दोन रकाने वाढवावेत. तो स्टॅटिक जोडला आहे, डायनॅमिक की वेगळ्या प्रोसेसमध्ये चालतो, हा एक, आणि तो कोणते पर्याय देऊन बांधला, हा दुसरा. ‘एफएफएमपेग’ एवढेच लिहिलेल्या ओळीवरून तपासणाऱ्या अधिकाऱ्याला तो एलजीपीएल आहे की जीपीएल, हे कळायला मार्ग नसतो.

— एक सॉफ्टवेअर अभियंता, पुणे